थांबलेले हृदय आणि औषधांचा झाडा

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ४० किलोमीटर दूर पडते, एखाद्याचे हृदय एकाएकी थांबले, तर त्याच्या आयुष्याचा निकाल बहुधा वाटेतच लागतो; कारण रक्ताभिसरण खंडित झाल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूच्या पेशींना अपाय होऊ लागतो. अशा समयी कोणते औषध द्यावे, याविषयी वैद्यकाने केलेल्या तुलनांचा निष्कर्ष म्हणूनच शहरापेक्षा गावकऱ्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवा.

या औषधांत अग्रमान ॲड्रेनलिनचा. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्फटिकरूपात वेगळे केलेले हे द्रव्य काचेच्या इवल्याशा कुपीत मिळते. तीत एक मिलिलिटर द्रव, द्रवात एक मिलिग्रॅम औषध, आणि तेवढे शिरेवाटे दर तीन ते पाच मिनिटांनी देण्याचा प्रघात. त्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, महारोहिणीतील दाब वाढतो आणि छाती दाबणाऱ्याच्या हातांनी पुढे लोटलेले रक्त हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत शिरते. युक्तिवाद बिनतोड होता. पण त्याची पुरती खातरजमा न करताच अनेक दशके त्याचा अंमल चालू राहिला.

ती खातरजमा ब्रिटनमध्ये झाली. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या सिरिंजांपैकी काहींत ॲड्रेनलिन व काहींत नुसते मिठाचे पाणी भरून, कोणती कोणाला दिली हे देणाऱ्यासही कळू न देता, आठ हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या या परीक्षणाचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. ॲड्रेनलिन मिळालेल्यांपैकी ३६.३ टक्क्यांचे रक्ताभिसरण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच पुन्हा सुरू झाले, मिठाचे पाणी मिळालेल्यांत अवघ्या ११.७ टक्क्यांचे, मात्र महिन्यानंतर हयात होते ते अनुक्रमे ३.२ आणि २.४ टक्के. शिवाय वाचून घरी गेलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचे प्रमाण ॲड्रेनलिनच्या बाजूस ३१ टक्के, तर दुसऱ्या बाजूस १७.८ टक्के आढळले. हृदय सुरू होणे आणि माणूस शुद्धीनिशी संसारात परतणे, या दोन बाबी निराळ्या आहेत, हे या आकड्यांनी दप्तरी दाखल केले.

विजेच्या झटक्यांनाही न जुमानणाऱ्या हृदयकंपावर अमिओडॅरोन द्यावे की लिडोकेन, याची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. रुग्णालयातून जिवंत बाहेर पडलेले अनुक्रमे २४.४ व २३.७ टक्के, आणि नुसते मिठाचे पाणी मिळालेले २१ टक्के; एकंदरीत हा फरक निर्णायक ठरला नाही. परंतु ज्यांचे कोसळणे शेजारच्या कोणी पाहिले होते, त्यांना दोन्ही औषधांचा लाभ स्पष्ट दिसला. रक्तवाहिन्या आवळणारे दुसरे औषध, व्हॅसोप्रेसिन, तर २०१५ मध्ये अमेरिकी शिफारशींच्या क्रमातून वगळलेच गेले.

ॲट्रोपिनची कैफियत मात्र आपल्या जिल्ह्याने विशेष जाणावी अशी आहे. निश्चल झालेल्या हृदयासाठी ते सरसकट देण्याची पद्धत २०१० साली बरखास्त झाली. तरीही २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी व शेतमजूर यवतमाळच्या रुग्णालयांत दाखल झाले, आणि त्यांतील अनेक दगावले, तेव्हा पुन्हा प्रत्ययास आले की ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या विषावर मुख्य उतारा ॲट्रोपिन हाच. त्या विषाने फुप्फुसे स्रावाने भरतात, नाडी मंदावते. फुप्फुसे कोरडी होईपर्यंत मात्रा वाढवीत जावे लागते. औषधाची योग्यता रोगाच्या कारणावरून ठरते, नावाच्या दबदब्यावरून नव्हे.

या सर्व तुलनांचा इत्यर्थ असा की, कुपीतील औषध दुय्यम आहे. आद्य आहेत जवळच्या माणसाचे हात व वेळीच मिळालेला विजेचा झटका. तेव्हा कोणी बेशुद्ध पडून श्वास थांबल्याचे दिसताच प्रथम १०८ क्रमांकास कळवावे, आणि छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे शिक्षण प्रत्येक शाळेत, ग्रामपंचायतीत व बाजार समितीत दिले जावे, याची तजवीज वाचकांनी आपापल्या गावी करावी.