दहा खोल्यांची मुलाखत

वैद्यकीय प्रवेशाची यादी लागली, की आपल्या मंडळातील एखाद्या घरी पेढे वाटले जातात आणि एखाद्या घराचे दार महिनाभर बंद राहते. दोन्ही मुलांत अंतर असते ते दोनचार प्रश्नांचे. रुग्णाशी बोलण्याची, चूक कबूल करण्याची वृत्ती दोघांपैकी कोणात अधिक आहे, हे कोणी विचारलेलेच नसते.

ते विचारता येईल काय? समितीपुढील एकच मुलाखत हा जुना उपाय. परंतु त्यात उमेदवारापेक्षा परीक्षकाची आवडनिवडच अधिक मोजली जाते. (आपल्याकडे वशिल्याची शंका वेगळीच.) यावर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात शोधलेली बहुविध लघुमुलाखतीची पद्धत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर मंडळींस तिचा साचा ओळखीचा वाटेल; डंडी येथील हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘ऑस्की’चेच ते धाकटे भावंड. दहा खोल्या, दहा स्वतंत्र परीक्षक. दारावरील प्रसंग वाचण्यास दोन मिनिटे, आत आठ मिनिटे. घंटा होताच पुढची खोली. एका खोलीतील प्रश्न असा : थकवा, डोकेदुखी अशा किरकोळ तक्रारींवर, गुणकारी असल्याचा पुरावा नसलेले औषध केवळ रुग्णास धीर यावा म्हणून देणे योग्य काय? दुसऱ्या खोलीत नट बसलेला असतो. ‘तुमच्या मोटारीस माझा धक्का लागला’ हे त्यास सांगावयाचे असते. पाठांतर येथे फारसे कामास येत नाही. एका ठिकाणी गडबडलेल्यास पुढच्या खोलीत कोरी पाटी मिळते, आणि एका परीक्षकाचा लोभ वा राग दहांत विरून जातो. गुणपत्रिकेस तेथेही फाटा दिलेला नाही. विद्यापीठातील किमान तीन वर्षांचे गुण पाहिले जातातच.

आपल्याकडे २०२४ मध्ये ‘नीट’ला तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. सर्वांना दहा खोल्या फिरविणे अशक्यच. दुसऱ्या टप्प्यास मात्र निश्चित वाव आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ‘नीट’नंतर मानसशास्त्रीय चाचणी व मुलाखत घेण्याचा प्रघात आहेच. सेवाग्रामच्या महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत, ‘नीट’ लागू होण्यापूर्वी, गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. खेड्यात राबण्याची तयारी कागदावर जोखणे कठीण. तरी संस्थेला कसा डॉक्टर हवा आहे, एवढे तरी उमेदवारास त्यातून कळत असे.

अशा मुलाखतींचेही क्लास निघतील, ही शंका रास्त आहे. कॅनडात ते निघालेही आहेत.