ट्रॅक्टर ओढेल, पण आवरेल का?

कटंगीत धानाचा हंगाम आला की ट्रॅक्टर घेणारा प्रत्येक जण विचारतो, किती एचपीचा घेऊ? मी म्हणतो, आधी ट्रॉली सांगा. 40 किलोचे 100 कट्टे म्हणजे 4 टन, ट्रॉलीचं वजन वेगळं. ओढायला एचपी पुरतो. उतारावर आवरायला ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आणि ब्रेक लागतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात, सगळा रेटा ट्रॅक्टरवर.

दोनचाकी ट्रॉलीत कट्टे पुढे रचले, की भार हुकावर येतो, ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मागे रचले, तर हूक वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते. अमेरिकेत पिकअपमागे राहण्याची ट्रॉली जोडणारेही हेच बघतात : ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर.

आणि रस्त्यावर येण्याआधी डावं-उजवं ब्रेक पेडल खटक्याने जोडून घ्याच. शेतात वळायला ते वेगळे ठेवतात. वेगात एकच दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर त्याच बाजूला झपकन फिरतो अन् मागून ट्रॉली आडवी येते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. उतरताना क्लच दाबू नका.