करवंटीच्या दारातली पिवळी मादी

सिक्लिड हे माशांचे एक फार मोठे कुळ असून गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा काळुंदरही त्याच कुळातला आहे. मात्र मत्स्यालयाचे शौकीन ज्यांना बुटके सिक्लिड म्हणतात, त्यांत सर्वाधिक जाती आहेत त्या दक्षिण अमेरिकेतील ॲपिस्टोग्रामा या प्रजातीच्या. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातील हालचाल टिपणाऱ्या छिद्रांची जी ओळ असते, तिला पार्श्विक रेखा म्हणतात. या माशांत ती तुटक आणि अनियमित असते, म्हणूनच रेगन या मत्स्यशास्त्रज्ञाने 1913 मध्ये या प्रजातीला ‘बेभरवशाची रेषा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. आजवर तिच्या नव्वदहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे.

नवख्या माणसाने सुरुवात करावी अशी जात म्हणजे ॲपिस्टोग्रामा काकाटुऑइडेस. नराच्या पाठीवरील पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उंच वाढतात, त्यावरूनच तिला हे नाव पडले. पेरूमधील उकायाली व ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील उथळ, पालापाचोळ्याने भरलेले ओहोळ हे तिचे घर होय.

पूर्ण वाढलेली जोडी समोर असेल तर नर-मादी ओळखणे अवघड नाही. नर सुमारे 8 सेंटिमीटरचा, जाड ओठांचा, शेपटीला दोन टोके असलेला आणि बहुधा तिच्यावर लाल-केशरी ठिपके मिरवणारा असतो, तर मादी जेमतेम 5 सेंटिमीटरची व गोल शेपटीची असते आणि तिच्या पोटाखालच्या परांची पुढची कड काळी दिसते. खरी अडचण लहान पिलांच्या बाबतीत येते, कारण त्या वयात सगळीच करडी दिसतात. शिवाय बलिष्ठ नराच्या धाकात वाढलेले काही दुय्यम नर मादीचेच रूप धारण करून राहतात आणि संधी साधून दुसऱ्याच्या जोडीची अंडी फलित करतात. त्यामुळे केवळ रंगावर विसंबून जोडी निवडू नये. विणीच्या वेळी गुदपराच्या पुढे दिसणारी नळी मादीत आखूड व बोथट, तर नरात बारीक व टोकदार असते, आणि ही खूण रंगापेक्षा अधिक खात्रीची आहे.

एक नर आणि दोन-तीन माद्यांसाठी किमान 60 सेंटिमीटर लांबीची टाकी घ्यावी, तळाशी बारीक वाळू पसरावी (हे मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात व त्यातून अन्न टिपतात) आणि प्रत्येक मादीला स्वतंत्र गुहा द्यावी. त्यासाठी अरुंद तोंड ठेवलेली नारळाची करवंटी उत्तम. पाणी मृदू, किंचित आम्लधर्मी आणि 24 ते 28 अंश सेल्सिअसचे असावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी असल्यास त्यात आरओचे पाणी मिसळावे. आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणाऱ्या देशी बदामाची वाळलेली पाने टाकीत सोडली, की त्यांतील टॅनिनमुळे पाण्याला चहासारखा रंग चढतो आणि माशांना मूळच्या ओहोळासारखा आडोसाही मिळतो. गाळणीसाठी स्पंज फिल्टर योग्य, कारण त्यात पिले ओढली जात नाहीत.

मादी करवंटीच्या छताला अंडी चिकटवते आणि तेव्हापासून तिचे रूप पालटते: अंग हळदीसारखे पिवळे होते, डोळ्यावरचा पट्टा व कुशीवरचा डाग काळाभोर उठतो, आणि एरवी नराला भिणारी ही इवलीशी मादी त्यालाही दाराशी फिरकू देत नाही. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात व आणखी आठवडाभराच्या आत पिले पोहू लागतात. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी जीवाची नुकतीच जन्मलेली पिले हे त्यांचे पहिले अन्न. मादी पोटाखालचे पर झटकून इशारा देते, तशी पिले तळाशी निपचित पडतात आणि वाळूत दिसेनाशी होतात.

या पिलांचे लिंग केवळ आनुवंशिकतेने ठरत नाही. रोमर व बायझनहर्त्झ यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 37 पैकी 33 ॲपिस्टोग्रामा जातींमध्ये पाण्याच्या तापमानाचा लिंगनिश्चितीवर परिणाम आढळला: पाणी ऊब धरून असले की नर अधिक, थंड असले की माद्या अधिक. मे महिन्यात हीटर बंद असूनही टाकीचे पाणी सहज 30 अंशांवर जाते. त्या दिवसांत वाढलेल्या पिलांत माद्या मोजक्याच निघाल्या, तर दोष जोडीचा मानू नये. टाकीत थर्मामीटर लावून विणीनंतरचे पहिले काही आठवडे त्याची रोज नोंद ठेवावी.