रोहिणीचें अंतरंग

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत रोहिणी आणि मृग हीं नांवें कोणास शिकवावीं लागत नाहींत. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रांत प्रवेश करितो, तेव्हां कापूस पेरणारा शेतकरी आपलें रान तयार करून आभाळाकडे पाहूं लागतो. आणि पुढें पंधरवड्यानें मृग लागला म्हणजे पेरणीची घाई सुरू होते. परंतु ज्या ताऱ्यावरून ह्या नक्षत्रास नांव पडलें, तो तारा आपणांपैकीं कितीजणांनीं ओळखून पाहिला आहे? त्या दिवसांत तो सूर्याच्या तेजांत लोपलेला असतो. त्याची भेट हिवाळ्यांतील सायंकाळीं होते. पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका वर आला म्हणजे त्याच्या खालीं जो ठळक, तांबूस तारा दिसतो, तीच रोहिणी.

ही रोहिणी कांहीं लहानसहान तारका नव्हे. तिचा व्यास आपल्या सूर्याच्या सुमारें ४४ पट आहे, आणि ती आपणांपासून सुमारें ६५ प्रकाशवर्षें दूर आहे. म्हणजे आज रात्रीं तिचा जो किरण आपल्या डोळ्यांत शिरेल, तो आपले आजोबा लहान होते तेव्हां तेथून निघालेला असेल. असल्या फुगलेल्या ताऱ्यांस शास्त्रज्ञ तांबडे राक्षसी तारे म्हणतात. आपला सूर्यही सुमारें ५०० कोटी वर्षांनंतर असाच फुगणार आहे.

एकदां वर्गांत हें सांगत असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, जेथें कोणी गेलें नाहीं आणि जाऊंही शकणार नाहीं, तेथल्या पोटांतलें सांगतात तें खरें कशावरून?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, तो रास्त होता. त्याचें उत्तर तासाच्या शेवटच्या पांच मिनिटांत देतां येण्यासारखें नव्हतें, म्हणून हा लेख.

उन्हाळ्याच्या आरंभीं आठवड्याच्या बाजारांत आपली आई माठ विकत घेते, तेव्हां ती काय करिते? ती तो फोडून पाहत नाहीं. बोटानें वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कोठें तरी चीर आहे. जी चीर डोळ्यांस दिसत नाहीं, ती कानास कळते. ताऱ्यांचें अंतरंग जाणण्याची विद्या हीच आहे. भेद एवढाच, कीं ताऱ्यास आपण वाजवूं शकत नाहीं. तो स्वतःच वाजत असतो.

सूर्याचा बाहेरचा थर चुलीवरील आधणाप्रमाणें सारखा उकळत असतो. त्या खळबळीनें उत्पन्न झालेल्या ध्वनिलहरी सूर्याच्या आंत कोंडल्या जाऊन त्याचें पृष्ठ वर खालीं हलवितात. तो ध्वनि आपणांस ऐकूं येत नाहीं, कारण मधल्या पोकळींतून ध्वनि येऊंच शकत नाहीं. मग तो समजतो कसा? एस. टी. गाडी भोंगा वाजवीत जवळ येते तेव्हां तिचा स्वर चढलेला वाटतो, आणि ती पुढें निघून गेली कीं उतरतो. प्रकाशाचेंही असेंच आहे. पृष्ठ आपल्याकडे सरकलें कीं प्रकाशाचा रंग किंचित् निळ्याकडे झुकतो, मागें गेलें कीं तांबड्याकडे. हा सूक्ष्म फरक मोजून सूर्याचें पृष्ठ सुमारें पांच मिनिटांच्या तालावर हलतें, असें अमेरिकेंतील रॉबर्ट लेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. हे हेलकावे असंख्य निरनिराळ्या कंपनांचे मिळून झालेले असतात, आणि त्यांतील एकेका कंपनाचा वेग पाहिला तर सेकंदास वीतभराहून अधिक नसतो!

ह्या विद्येंत आपलें आयुष्य वेंचणारे एक थोर संशोधक आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेले. प्रा. शशिकुमार मधुसूदन चित्रे ह्यांचा जन्म १९३६ सालीं मुंबईस झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते केंब्रिज येथें गेले. १९६३ सालीं त्यांनीं सूर्यावरील डागांच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. पुढें इंग्लंड व अमेरिका येथें कांहीं वर्षें काम करून १९६७ मध्यें ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले, आणि २००१ पर्यंत तेथेंच राहिले.

त्या काळीं सूर्याविषयीं एक मोठें कोडें पडलें होतें. सूर्याच्या गाभ्यांत हायड्रोजनपासून हेलियम होतो, आणि तसें होतांना न्यूट्रिनो नांवाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. अमेरिकेंत रेमंड डेव्हिस ह्यांनीं एका खोल खाणींत ते मोजूं आरंभिलें, तों हिशेबाप्रमाणें यावे त्याच्या सुमारें एक तृतीयांशच सांपडले. मग दोष कोणाचा? कित्येक म्हणूं लागले कीं सूर्याचा गाभा आपण समजतों तितका उष्ण नसावा. म्हणजे ज्या गणितावर साऱ्या ताऱ्यांचें वय व आयुष्य आपण ठरवितों, त्याच गणितावर आळ आला.

येथें सूर्याचीं कंपनें साक्षीस आलीं. कांहीं लहरी पृष्ठाजवळूनच परततात, तर कांहीं गाभ्यापर्यंत उतरतात. आणि ध्वनीचा वेग तेथील उष्णतेवर व द्रव्यावर अवलंबून असतो. म्हणून अनेक लहरींचे ताल ताडून पाहिले म्हणजे कोणत्या खोलीवर काय आहे तें कळतें. १९९५ पासून सूर्याकडे रात्रंदिवस पाहणाऱ्या सहा वेधशाळांची एक साखळी पृथ्वीभोंवतीं काम करूं लागली. तींत आपल्या देशांतील उदयपूरही आहे. असल्या वेधांवरून प्रा. चित्रे व त्यांचे सहकारी एच. एम. अंटिया ह्यांनीं हिशेब मांडला. गाभ्याचें तापमान सुमारें दीड कोटी अंश, हें मानलेलें गणित बहुतांशीं बरोबरच निघालें. सूर्य निर्दोष ठरला. दोष न्यूट्रिनोविषयींच्या आपल्या समजुतींत असला पाहिजे, असा कल झाला. २००१ आणि २००२ सालीं कॅनडांतील सडबरी येथील प्रयोगानें तें सिद्ध केलें. ते कण वाटेंत आपली जात बदलतात, म्हणून मोजणींतून निसटत होते.

सूर्यावर जी विद्या सिद्ध झाली, तीच पुढें दूरच्या ताऱ्यांस लावितां आली. लहान घुंगरूं बारीक वाजतें आणि चर्चची मोठी घंटा खोल नाद देते, तद्वत् तारा जितका मोठा तितका त्याचा ताल संथ. सूर्याचा ताल पांच मिनिटांचा, तर रोहिणीचा सुमारें पांच दिवसांचा! ह्या तालावरून तिचें वस्तुमान सूर्याहून थोडेंच अधिक आहे, असें निघालें आहे. २००९ ते २०१८ पर्यंत अंतराळांत फिरणाऱ्या केप्लर दुर्बिणीनें हजारों तांबड्या ताऱ्यांची लुकलुक टिपली. पुणें विद्यापीठांतून एम्. एस्सी. झालेल्या व टाटा संस्थेंत संशोधन केलेल्या सरबनी बसू ह्यांनीं १९९७ मध्यें अंटियांसह सूर्याच्या उकळत्या थराची खोली नेमकी ठरविली होती; ती त्याच्या त्रिज्येच्या सुमारें २९ टक्के आहे. पुढें अमेरिकेंतील येल विद्यापीठांत राहून त्यांनीं केप्लरच्या साह्यानें तारकापुंजांतील तांबड्या ताऱ्यांचीं वस्तुमानें व आकार मोजले.

ह्यांतून निघालेली एक गोष्ट मनांत ठेवण्याजोगी आहे. दोन तांबडे तारे रंगानें व तेजानें अगदीं सारखे दिसतात. परंतु एकाच्या गाभ्यांत हेलियम नुसताच सांठून राहिलेला असून त्याभोंवतीं हायड्रोजन जळतो, तर दुसऱ्याच्या गाभ्यांत हेलियमच पेटलेला असतो. बाहेरून कोणासही भेद कळत नसे. २०११ सालीं तो त्यांच्या कंपनांवरून ओळखतां आला.

कोणी पालक विचारतील, कीं ह्या विद्येचा आम्हांस उपयोग काय? हिनें कापसाचा भाव वाढणार नाहीं, हें मी प्रांजळपणें सांगतों. परंतु आळ येतांच निकाल न देतां साक्ष तपासावी, ती अनेक वाटांनीं ताडून पाहावी, आणि मगच बोलावें, ही संवय घरांत व गांवांतही कामास येते. प्रा. चित्रे ह्यांस २०१२ सालीं पद्मभूषण मिळालें. निवृत्तीनंतरही ते मुंबई विद्यापीठाच्या आवारांतील मूलभूत विज्ञान केंद्रांत तरुण विद्यार्थ्यांस शिकवीत राहिले. २०२१ च्या जानेवारींत ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, नाताळच्या सुटींत आपापल्या गांवीं जाल तेव्हां सायंकाळीं अंगणांतला दिवा मालवून रोहिणी शोधा. घरच्या वडील माणसांसही ती दाखवा. जन्मभर जिच्या नांवानें त्यांनीं पाऊस मोजला, ती कदाचित् त्यांनीं प्रथमच पाहिली असेल. ती अगदीं स्तब्ध दिसेल. पण तिचें सारें अंग पांच दिवसांच्या संथ तालावर हलत आहे, हें आतां तुम्हांस ठाऊक आहे. आणि तें कशावरून, हेंही त्यांस तुम्ही सांगूं शकाल.