सरवा

बायबल आपण एक ग्रंथ म्हणून हातात घेतो, पण त्या बांधणीत ६६ पुस्तकं असतात. कॅथलिक प्रतीत ७३. म्हणूनच ख्रिस्ती घरांत ‘तुझं आवडतं पुस्तक कोणतं?’ हा प्रश्न सहज निघतो. कुणी स्तोत्रसंहिता सांगतं, कुणी योहानाचं शुभवर्तमान. दुःखानं पोळलेला माणूस ईयोब म्हणतो. मी रूथ म्हणते. अवघे चार अध्याय, ८५ वचनं. वीसेक मिनिटांत वाचून होतं.

इथे समुद्र दुभंगत नाही, आकाशवाणी होत नाही. सुरुवात दुष्काळानं होते. बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’, आणि त्याच गावच्या चुली थंडावतात. अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात जगायला जातो. तिथे तो वारतो, आणि मवाबी मुलींशी लग्नं झाल्यावर मागोमाग दोन्ही मुलं. दहाएक वर्षांत घरात तीन विधवा उरतात. नामी गावाकडे निघते तेव्हा सुनांना माहेरी जा म्हणते. अर्पा रडत रडत मागे फिरते. लेखक तिला अवाक्षरानंही बोल लावत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. रूथ मात्र सासूची पाठ सोडत नाही. बेथलेहेमच्या बायका नामीला पाहून गोळा होतात, तर ती म्हणते, नामी नको, मला मारा म्हणा. नामी म्हणजे मधुर, मारा म्हणजे कडू.

दुसऱ्या अध्यायात सातूची सुगी येते आणि रूथ सरवा वेचायला जाते. हा शब्द मला आजीमुळे ठाऊक. भुईमुगाची काढणी झाली की ती पदर खोचून रानात जायची, ढेकळं फोडून एकेक शेंग ओटीत टाकायची. मालकाची नजर कशी आहे, यावर तिचा सगळा दिवस ठरायचा. रूथच्या देशात हे नुसत्या नजरेवर सोडलेलं नव्हतं. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांतलं नियमशास्त्रच बजावतं, की शेताच्या कडा कापू नका, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका. ते गरिबाचं, विधवेचं, परक्याचं.

शेतमालक बवाज नियमाच्याही पुढे जातो. तो गड्यांना सांगतो, पेंढ्यांतल्या काही ओंब्या मुद्दाम गळू द्या, तिला हटकू नका. देणाऱ्याचा हात दिसू नये, घेणारीची मान खाली जाऊ नये! जेवणाच्या वेळी तो तिला भाजलेले दाणे देतो. ती पोटभर खाते आणि उरलेले सासूसाठी राखून ठेवते. संध्याकाळी झोडपून एफाभर सातू निघतो, म्हणजे वीसेक लिटर.

पुढे खळ्यावर रूथ बवाजकडे आसरा मागते ती रात्र, वेशीवर दहा वडीलधाऱ्यांसमोर पायतण काढून झालेला जमिनीचा व्यवहार, मग दोघांचं लग्न. साऱ्या कथेत देवानं स्वतः काही केल्याचं निवेदक दोनदाच सांगतो, दुष्काळ सरताना आणि रूथला दिवस जाताना. मधलं सगळं माणसांच्या हातून होतं. म्हणूनच मी या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा येते.

मवाबी माणसाला मंडळीत घेऊ नये, असंही तेच नियमशास्त्र सांगतं. तरी ही मवाबी बाई दावीद राजाची पणजी ठरते आणि मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत नावानिशी येते. यहुदी लोक शावुओथ या हंगामाच्या सणाला हेच पुस्तक वाचतात.

रूथ मराठीत वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणलं. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या भुकेल्या विधवा आणि मुली त्यांनी केडगावला आणल्या. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात, बायकांच्याच हातून. रूथची पानं जुळवणारीच्या मनात काय चाललं असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

कथेच्या शेवटी रूथला मुलगा होतो. शेजारणी नामीला म्हणतात, ही सून तुला सात लेकांहून अधिक आहे. नामी बाळाला उराशी धरते. त्याचं नावही शेजारणीच ठेवतात, ओबेद. आता तिला मारा कुणी म्हणत नाही.