फाल्गुनातील नार्व्याची फेरीबोट

फाल्गुन लागला की डिचोली-पेडण्याकडे शिगम्याचे ढोल घुमू लागतात आणि काजूच्या मोहराचा गंध वाऱ्यावर दरवळतो. डिचोली तालुक्यातील नार्व्याच्या धक्क्यावरून समोर दिवाड बेट दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत तेथील सप्तकोटेश्वराचे देवालय पाडले गेले. देव पाणी ओलांडून अलीकडे आला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला.

त्याच पाण्यावरून आज फेरीबोट ये-जा करते. एका कुटुंबात शिगम्याची गडबड, तर दुसऱ्यात ईस्टरपूर्वीचे उपवास. परंतु दोन्ही घरची माणसे एकाच बोटीत उभी असतात. लगबगीने येणाऱ्या म्हातारीची पाटी कोणीतरी उतरवून घेतो, कोणी तिला कठड्याशी जागा करून देतो. घेणारा देवळाचा की इगर्जीचा, हे कोणी विचारीत नाही.

इतिहास विसरावा, असे आम्ही म्हणत नाही. देवालय पडल्याचे दुःख खरेच आहे. तथापि त्या दुःखाचे ओझे पाटीवाल्या म्हातारीच्या डोक्यावर कोणी ठेवीत नाही, हेही तितकेच खरे. परप्रांती, परक्या शेजारात नांदणाऱ्या आपल्या घरांना यंदाच्या वसंतात याहून मोलाचा धडा कोणता द्यावा?