पाहुणे ग्लुटेन खात नाहीत? भाकरी आहेच, पण पीठ कुठे दळलं?

‘आम्हाला गहू चालत नाही,’ असं पाहुण्यांनी फोनवर सांगितलं की सोलापूरकर निर्धास्त होतो. ज्वारीची भाकरी आहेच की! बरोबरच आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय.

पण पाहुण्यांना सीलिअ‍ॅक आजार असेल, तर एवढ्यावर भागत नाही. या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. पाकिटावर ‘ग्लुटेन-मुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. म्हणजे जवळपास नाहीच. गहू दळलेल्या गिरणीत मागोमाग ज्वारी टाकली, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. घरघंटीचंही तेच.

त्यापेक्षा ज्वारी निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून मिक्सरच्या स्वच्छ भांड्यात दळा. चाळणी मात्र कणकेची नको. पीठ जरा भरड होतं, पण उकळत्या पाण्यात मळलं की भाकरी थापता येते.

दुसरा चोर हिंगाच्या डबीत असतो! बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. आमटीला लसणाची फोडणी द्या, काही बिघडत नाही. धपाट्यांत कणीक घालत असाल, तर ती वगळा. घरी कुटलेली शेंगाचटणी, दही, पिठलं खुशाल वाढा. फक्त बेसनही हरभराडाळ घरीच दळून केलेलं हवं.

बाकीच्यांसाठी चपात्या करायच्या असतील, तर परात-तवा स्वच्छ घासून आधी भाकऱ्या उरका. आणि त्या चपात्यांच्या डब्यात ठेवू नका.